थंड बाजूची खुर्ची

३ फेब्रुवारी

आज नातीने मला एक सिनेमा दाखवला आणि माझं डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसले. शाळा माझी चौथीपर्यंतच, पण राग आला की अक्षरं आपोआप येतात.

सिनेमा काय, तर एक म्हातारा घर बदलतो. बस. दोन तास तो भांडी बांधतो. कप कागदात गुंडाळतो, खोक्यात ठेवतो, परत काढतो, परत गुंडाळतो. तेही धड नाही. कानाच्या बाजूला कागद जाड लावायचा असतो, एवढं कळत नाही त्याला. गाणं नाही, भांडण नाही. शेजारीण दारात येऊन "कुठे निघालात हो?" एवढंसुद्धा विचारत नाही. शेवटी कुलूप लावतो, किल्ली खिशात टाकतो, जिना उतरतो.

"मग पुढे?" मी विचारलं.

"संपला," नात म्हणाली.

बघते तर हिच्या डोळ्यांत पाणी!

"तुला काय झालं गं?"

"आजी, त्याने कप दोन घेतले."

"घेतले, मला काय दिसत नाही? एकटा जीव, दोन कप कशाला? खोकं उगाच जड केलं."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू कप मीच फोडला.

हा सिनेमा काढणारा म्हणे फार मोठा माणूस. त्याचे सिनेमे बाहेरदेशी लागले की लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. उभे राहणारच, बसून बसून पाय आखडत असतील. इतका थंड सिनेमा काढतो, म्हणून मी त्याचं नाव बर्फवाला ठेवलंय.

६ फेब्रुवारी

मला सिनेमा का दाखवला ते आज कळलं.

आमच्या रस्त्याच्या टोकाला जुनं सभागृह आहे, तिथे सिनेमावेड्यांचं एक मंडळ भरतं. महिनाअखेरीला त्यांनी वाद ठेवलाय. बर्फवाल्याचे सिनेमे थंड, की काळजाला भिडणारे? 'भिडणारे' म्हणून आमची बोलणार. 'थंड' म्हणून एक पेपरात लिहिणारा पोरगा बोलणार. गळ्यात कायम मफलर असतो म्हणे, ऊन असलं तरी.

त्या मंडळाची रीत मला भारी आवडली. लोक आधी आपापल्या मताच्या बाजूला बसतात, मधे मोकळी वाट. वाद संपला की ज्याचं मत फिरलं त्याने आपली खुर्ची स्वतः उचलायची आणि सगळ्यांच्या देखत पलीकडे न्यायची. बरोबरच आहे. मत बदलायचं तर थोडं ओझं उचला की!

खरी गोष्ट मात्र तिने शेवटी सांगितली, माझ्या इस्त्रीच्या दुकानात मला घड्या घालायला मदत करता करता, माझ्याकडे न बघता. बर्फवाला स्वतः येणार आहे. पुढच्या सिनेमाला त्याला हाताखाली माणूस हवंय, आणि या दोघांतलं एक तो घेऊन जाणार. वर्षभर, लांब. आमची सध्या लोकांच्या वाढदिवसांचे व्हिडिओ कापते आणि जोडते. मेणबत्त्या बघून बघून विटलीय पोरगी.

"म्हणजे जिंकलीस तर जाणार," मी म्हटलं.

"हो."

"आणि हरलीस तर?"

"तर इथेच. मेणबत्त्या."

मी म्हटलं, जा की, मला काय. तुझी खोली मोकळी झाली तर गिऱ्हाइकांचे कपडे टांगायला जागा होईल, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. ती गेल्यावर एकाच शर्टाची कॉलर मी पुन्हा पुन्हा इस्त्री करत होते. पिवळी पडायला लागली तेव्हा लक्षात आलं.

९ फेब्रुवारी

आज काय मजा आली! इतकी मजा बऱ्याच दिवसांत आली नव्हती.

दुसरा सिनेमा आम्ही शेजारच्या सलूनमध्ये पाहिला, कारण आमचा टीव्ही बंद पडलाय. सलूनवाल्याने आधी कुरकुर केली, मग वस्तरा हातात धरून स्वतःच बघत उभा राहिला.

एक बाई इस्पितळाच्या बाकावर बसलीय, आत नवरा. डॉक्टर बाहेर येतो, काहीतरी बोलतो आणि जातो. काय बोलला ते आपल्याला ऐकूच येत नाही, पण कळतं. शेजारी बसलेलं पोर म्हणतं, भूक लागली. ती पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढते. तो फुटत नाही. ती दातांनी फोडते आणि एकेक बिस्कीट त्याच्या हातात देते. पोर अख्खा पुडा संपवतं आणि आपण बघत बसायचं.

सलूनवाला म्हणाला, "घ्या! नवरा गेला आणि बाई बिस्किटं वाटतेय. आजी, तुम्ही म्हणता तेच खरं. एकदम थंड."

माझ्या बाजूने बोलला, तरी मला त्याचा संताप आला. "मग काय करायचं तिने? पोर उपाशी ठेवून गळा काढायचा?"

खुर्चीत एक गिऱ्हाईक होतं, अर्ध्या तोंडाला फेस. ते म्हणालं, "पण निदान डोळे तरी पुसायचे."

"तू पुढे बघ, नाहीतर कान जाईल."

नात टाळी वाजवून उठली. "म्हणजे आजी माझ्या बाजूची!"

"मुळीच नाही," मी म्हटलं. "ती बाई थंड नाही, ती कामात आहे. थंड आहे तो तुझा बर्फवाला. बाईवर आभाळ कोसळलंय, पुडा फुटत नाहीये, आणि हा कॅमेरा लावून बघत बसलाय! उठून फोडून द्यावा ना. मी दिला असता."

"आजी, तो सिनेमा आहे गं."

"असू दे. दुसऱ्याचं दुःख टक लावून बघायचं आणि हात लावायचा नाही, याला मी तरी थंडच म्हणणार."

सलूनवाला म्हणाला, "वा!" फेसवालं गिऱ्हाईक म्हणालं, "पण तो कॅमेरा हलत नाही, म्हणजे त्याला तिथून जाववत नसेल." बघा, फेस लावलेला माणूससुद्धा शहाणा झाला! मग सगळेच एकदम बोलायला लागले. नात नंतर म्हणाली, "त्या मफलरवाल्याची मला भीती नाही, आजी. तुझ्या या बोलण्याला उत्तर सुचत नाही, त्याची भीती आहे."

मला आत कुठेतरी एकदम बरं वाटलं. का ते नाही सांगता यायचं.

१३ फेब्रुवारी

आज थिएटरात नेलं मला. सिनेमात दोन बहिणी, बोलणं बंद असलेल्या. आईचं घर विकायचंय म्हणून साफ करायला येतात. एक खिडकीच्या आतून काच पुसते, एक बाहेरून. बोलत नाहीत. बाहेरची बोटाने डाग दाखवते, आतली पुसते. मग आतली दाखवते, बाहेरची पुसते. एक डाग काही केल्या जाईना. आतली म्हणते तुझ्या बाजूला, बाहेरची म्हणते तुझ्या बाजूला, सगळं खुणांनी. मला राहवेना. मी ओरडले, "अगं, बाहेरच्या बाजूला आहे! नख लाव, नख!"

मागून "श्श" झालं. नात खुर्चीत इतकी खाली सरकली की दिसेना. पण बाहेरचीने नखच लावलं आणि डाग निघाला, आणि अख्ख्या थिएटरने टाळ्या वाजवल्या. पहिली टाळी कोणाची होती ते मी सांगणार नाही.

घरी येताना पाय हवेत होते. नात म्हणाली, "आता तरी म्हण, भिडला."

मी म्हटलं, "खिडकी चांगली पुसली. बर्फवाला थंड तो थंडच."

१८ फेब्रुवारी

दुकानात दोन तट पडलेत. शर्ट टाकायला येणारा प्रत्येक माणूस आधी विचारतो, "आजी, थंड की गरम?" इस्त्रीबद्दल विचारत नाही मेला एकही. बोलण्याच्या नादात एका पँटला शेजारी शेजारी दोन घड्या पडल्या. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, नवीन पद्धत आहे.

आज नातीला एक युक्ती सुचवली. म्हटलं, "मी आधी थंड बाजूला बसते. तुझं भाषण झालं की खुर्ची उचलून तुझ्याकडे येते. म्हातारी बाई खुर्ची ओढत निघाली की चारचौघं लाजेने उठतीलच."

तिने सरळ नाही म्हटलं. "खोटं उठायचं नाही, आजी. तुला खरंच वाटलं तरच."

"आणि नाही वाटलं तर?"

"तर बसून राहा."

बरं. आता हे लिहून ठेवते, म्हणजे डोक्यातून जाईल. मी थंड म्हणते ते मला वाटतं म्हणून म्हणते, की ती हरावी म्हणून म्हणते, ते माझं मलाच नीट कळत नाहीये. सकाळपासून दोन्हीकडून उलटून पालटून बघतेय. उद्या कळेल असं वाटत नाही.

२१ फेब्रुवारी

मुलगा घरी आला. नातीचा बाप. लांब पल्ल्याची बस चालवतो, आठवड्यातून एकदा उगवतो. नातीची आई ती लहान असतानाच गेली, तेव्हापासून हा बस चालवतो आणि मी इस्त्री. बोलायला त्याला डिझेल लागतं.

चहा पिऊन झाल्यावर बशीकडे बघत म्हणाला, "आई, तू मुद्दाम थंड बाजूला बसतेयस का?"

"मुद्दाम म्हणजे?"

"म्हणजे... मुद्दाम."

"तुझी काय बाजू?"

"पोरगी म्हणेल ती."

"मग वाद कशाला घालतोस?"

एवढं बोलून दमला बिचारा. त्याच्या वर्दीचे दोन्ही शर्ट कडक करून दिले.

१ मार्च

वाद काल झाला. सगळं लिहिते.

सभागृह भरलं होतं. मी थंड बाजूला दुसऱ्या रांगेत. माझ्या शेजारी सलूनवाला, नवा शर्ट घालून. माझा मुलगा वर्दीतच आला आणि सरळ पलीकडे जाऊन बसला. थंड बाजूला गर्दी जास्त होती. बर्फवाला शेवटच्या रांगेमागे, वाटेच्या मधोमध खुर्ची टाकून बसला होता, म्हणजे कुठल्याच बाजूला नाही. वाळका, लहानसा माणूस. कोटाच्या पाठीवर ही एवढी सुरकुती. जगभर फिरतो आणि कोट असा!

मफलरवाला आधी बोलला. शब्द जाड जाड, पण एक गोष्ट बरी बोलला. म्हणाला, दुःख दाखवायचं टाळणं हा सभ्यपणा असेल, पण सभ्यपणा म्हणजे ऊब नव्हे. मी मान डोलावली. सलूनवाल्याने टाळ्या वाजवल्या.

मग आमची उठली. कपाची गोष्ट सांगितली, खिडकीची सांगितली. चांगलं बोलत होती, पण मागे कोणीतरी जांभई दिली. तिने हातातला कागद खाली ठेवला आणि म्हणाली, "माझ्या आजीचं म्हणणं आहे की हा माणूस दुसऱ्याचं दुःख नुसता बघतो, हात लावत नाही, म्हणून थंड. ती त्या बाजूला बसलीय. तिला उत्तर दिल्याशिवाय मला जिंकायचं नाही."

सगळ्या माना माझ्याकडे.

"मी लहान असताना माझी आई गेली," ती म्हणाली. "त्या दिवसांत मी दुकानातल्या टेबलाखाली बसून असायचे, कारण तिथे ऊब असायची. वर आजी माझ्या आईचे कपडे इस्त्री करत होती. सगळे. जे आता कोणी घालणार नव्हतं, ते. मला तिचा राग यायचा, ही रडत का नाही म्हणून. पुष्कळ वर्षं होता तो राग. मग मी यांचा पहिला सिनेमा पाहिला, आणि त्या टेबलाखाली बसून मी काय पाहिलं होतं ते मला कळलं. पुडा नसेल फोडून दिला त्यांनी. पण माझी आजी मला दाखवली."

माझे कान तापले. घरातली गोष्ट चारचौघांत! आणि तीसुद्धा चुकीची. तोंड उघडायचं नाही असं ठरवून गेले होते, पण चूक कशी सोडायची? उभी राहिले.

"सगळे नाही," मी म्हटलं. "एक राहिला होता. निळ्या रेघांचा शर्ट. तो घेऊन तू टेबलाखाली झोपली होतीस. ओढला असता तर उठली असतीस. म्हणून तो तसाच ठेवला. बाकीचं बरोबर आहे."

आणि खाली बसले.

मधे बोलले म्हणून सगळे रागावले असणार. मंडळाच्या सेक्रेटरीने तर चष्माच काढला. तिथे झाडलोट नीट करत नाहीत, डोळ्यांत धूळ जाते. पुढच्या रांगेतल्या बाईने रुमाल काढला, मग तिच्या शेजारणीने. माझा मुलगा उठून बाहेर गेला. नंतर विचारलं तर म्हणाला, बस नीट लावलीय का ते बघायला गेलो होतो. बस डेपोत होती.

सेक्रेटरी म्हणाला, "ज्यांचं मत बदललंय त्यांनी..." आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत खुर्च्यांचा जो खडखडाट उडाला! थंड बाजूची माणसं खुर्च्या डोक्यावर घेऊन निघाली. वाटेत कोंडी झाली. एकाच्या खुर्चीचा पाय दुसऱ्याच्या कोटात अडकला. सेक्रेटरी मोजता मोजता तिसऱ्यांदा चुकला आणि नाद सोडून दिला. मफलरवाला स्वतःची खुर्ची उचलून आमच्या पोरीशेजारी जाऊन बसला! तिला म्हणाला, "पुढच्या वेळी आजीला आणायचं नाही, हा नियम करू." मला लहान मुलीसारखं टाळ्या पिटाव्याशा वाटत होत्या.

पण मी उठले नाही. वाटलं तरच उठायचं असं तिनेच सांगितलं होतं. ती छान बोलली हे खरं, पण बर्फवाला बघत बसतो हेही खरं. सलूनवाला माझ्याकडे बघत होता. म्हटलं, "जायचं तर जा." तो म्हणाला, "नाही हो, मला त्या सिनेमांत खरंच झोप येते." मग त्यालाही कोणीतरी खुर्च्या लावायला बोलावलं आणि मी एकटी राहिले.

तेवढ्यात खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बर्फवाला! स्वतःची खुर्ची घेऊन आला आणि माझ्या शेजारी बसला.

"इकडे कुठे?" मी विचारलं.

"मलाही ही बाजू बरोबर वाटते," तो म्हणाला. "मी बघतच बसतो. हाताला दुसरं काही येत नाही."

"शिकायचं मग."

"उशीर झाला." मग म्हणाला, "बाई, एक विचारू? ते कपडे इस्त्री करताना तुम्हाला रडू नाही आलं?"

काय प्रश्न! मी म्हटलं, "खळीचे कपडे होते. वरून थेंब पडला तर डाग उठतो. परत धुवा, परत खळ घाला. कोणी सांगितलेत उद्योग?"

तो मान खाली घालून पुढे वाकला, तशी कोटाची सुरकुती डोळ्यांत भरली. मी म्हटलं, "कोट आणून द्या उद्या, पाठ सरळ करून देते. लोक टाळ्या वाजवतात तेव्हा मागून बघवत नसेल."

तेव्हा हसला. हसल्यावर बरा दिसतो. म्हणाला, "तुमच्या नातीला घेऊन जातो. चालेल?"

"मला काय विचारता? तिला विचारा. सकाळी लवकर उठत नाही आणि भांडते फार, एवढं आधीच सांगून ठेवते."

पलीकडे ती खुर्च्यांच्या घोळक्यात उभी होती, माणसं तिच्याभोवती, आणि मान उंच करून मला शोधत होती. मी हात वर केला.

११ मार्च

सकाळी गेली. बापाच्याच बसने गेली, तो म्हणाला मी सोडतो. सामान जास्त घेतलंय. तिकडे थंडी असेल, तुझा कोट घालून जा म्हटलं तर हातात घेऊन गेली. दारात मला धरून रडायला लागली, मी म्हटलं, बस चुकेल. ती म्हणाली, बाबाच चालवतायत, कशी चुकेल? तेही खरंच.

दुकान वेळेवर उघडलं. तिच्या खोलीत कपडे टांगायचे होते. अजून टांगले नाहीत. आज कपडे कमी होते.

१४ मार्च

आज सलूनवाल्याशी कडाक्याचं भांडण झालं, आणि अंगात पुन्हा जीव आला.

झालं असं की त्याने एका नव्या गिऱ्हाइकासमोर वादाची गोष्ट रंगवून सांगितली आणि शेवटी म्हणाला, "काही म्हणा, त्या माणसाचे सिनेमे थंडच."

मी इस्त्री बाजूला ठेवली आणि त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. "थंड? त्या बाईचे हात पाहिलेत तुम्ही? पुडा फोडताना थरथरत होते. दिसलं नसेल, झोपला होतात! तो कॅमेरा तिथून हलत नाही, कारण त्याला जाववत नाही. सगळे निघून गेले तरी एक माणूस तिच्याजवळ बसून राहिलाय, ते काय थंड?"

सलूनवाल्याचं तोंड उघडंच. "आजी, तुम्हीच तर थंड म्हणत होतात! खुर्चीसुद्धा हलवली नाहीत तुम्ही!"

"तेव्हा ती बाजू लढवायला पोरगी होती. आता ती इथे नाही. म्हणून काय तिची बाजू रिकामी टाकायची?"

"पण तुमचं खरं मत काय?"

"ते मी बघेन. तुम्ही तुमचं बोला."

तो वस्तरा हातात धरून नुसता माझ्याकडे बघत राहिला. गिऱ्हाईकही फेस लावून तसंच. दोघांचे चेहरे इस्पितळात भेटायला आल्यासारखे झालेले. मला असलं अजिबात चालत नाही.

मी म्हटलं, "अहो, गप्प काय बसता? बोला की काहीतरी उलटं! आता तुमच्याशिवाय भांडायला मला आहे कोण?"